सायकलचे रिम ब्रेक घरी सेट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये माझी सायकल उलटी उभी दिसली की शेजारपाजारच्या दोन-तीन सायकली आपोआप रांगेला येतात. तक्रार बहुतेक ब्रेकची असते, आणि त्यावर मालकाने आधीच एक उपाय करून पाहिलेला असतो: वायर ताणली. तिथे येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. हे सगळं रिमला रबर घासून थांबणाऱ्या सायकलींबद्दल आहे. डिस्क ब्रेकवाल्यांना यातलं वायरचं तेवढं उपयोगी पडेल.

ब्रेक नीट लागत नाही. वायर ताणून घेतली की झालं ना?

झालं तर उत्तम, पण सहसा होत नाही. ब्रेक तपासायचा क्रम असा: आधी चाक, मग रबर, मग वायर आणि सगळ्यात शेवटी बारीक स्क्रू. आपण नेमकं उलटं करतो, कारण लिव्हरपाशी वायर घट्ट करायची ती गोल चकती हाताशी असते आणि तिला पाना लागत नाही.

मागे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नातवाची सायकल घेऊन आल्या. ब्रेकची वायर तीनदा ताणून झाली होती, चकती शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर आली होती, तरी एक रबर रिमला घासतच होतं आणि दुसरं रिमपासून बोटभर लांब. ब्रेकला हात लावायच्या आधी मी चाकाकडे पाहिलं. पंक्चर काढल्यावर पुढचं चाक चिमट्यात (चाक धरणाऱ्या दोन पायांत) तिरकं बसवलं होतं, एका बाजूचा आस खाचेत पूर्ण वर गेलाच नव्हता. दोन्ही नट सैल केले, सायकल सरळ उभी करून हँडलवर वजन टाकलं, आस खाचेत बसला, नट आवळले. रिम मधोमध आली. आता ब्रेक इतका आवळलेला निघाला की चाक फिरेना. तीनदा ताणलेली वायर मग सोडावी लागली.

माझ्या सायकलला कोणता ब्रेक आहे हे कसं ओळखू?

ब्रेकचे दोन हात चिमट्याच्या दोन पायांवर वेगवेगळे, उभे बसवलेले असतील आणि वरून आडवी वायर एका हाताकडून दुसऱ्याकडे जात असेल, तर तो व्ही-ब्रेक. 1990च्या दशकाच्या मध्यात शिमानोने हा आणला आणि थोड्याच वर्षांत साध्या गिअरच्या सायकलींवर तोच दिसायला लागला. एका बाजूला वायर वाकड्या धातूच्या नळीतून येते, ती त्याची खूण.

दोन्ही हात टायरच्या वर एकाच बोल्टवरून खाली लोंबत असतील आणि वायर एका कडेने येत असेल, तर तो कॅलिपर. लहान मुलांच्या सायकलींवर तो पत्र्याचा आणि लवचिक असतो, रोड बाइकवर ॲल्युमिनियमचा आणि ताठ. रोड बाइकवरच्या बऱ्याच कॅलिपरना दोन पिवट (ब्रेकचा हात ज्यावर फिरतो तो खिळा) असतात, त्यांना जोर जास्त.

उभे हात आणि वरून उलट्या व्हीसारखी दोन बाजूंना जाणारी वायर असेल तर कँटिलिव्हर. आपल्याकडे आता क्वचित दिसतो. आणि वायरच नसेल, हँडलपासून खालपर्यंत लोखंडी सळ्या असतील, तर तो आजोबांचा ब्रेक. त्याच्यावर खाली वेगळं लिहिलं आहे.

हत्यारं कोणती लागतात?

व्ही-ब्रेकला 5 मिलिमीटरची ॲलन की आणि फुलीचा छोटा स्क्रू ड्रायव्हर. साध्या कॅलिपरला 10 नंबरचा पाना, शक्यतो दोन. एक पक्कड, थोडा पॉलिश पेपर, स्वच्छ फडकं आणि औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट. वायर बदलायची असेल तर चांगला केबल कटर हवा. पकडीने वायर कापली की तिचा पिसारा होतो आणि मग ती कव्हरमध्ये जाता जात नाही.

रबर रिमवर नेमकं कुठे टेकलं पाहिजे?

ब्रेक सेट करायचा म्हणजे निम्मं काम इथलं आहे, तेव्हा याला वेळ द्या.

रिमच्या दोन्ही कडांना रबर घासायची एक सपाट पट्टी असते. ब्रेक दाबल्यावर रबर पूर्णपणे त्या पट्टीवर टेकलं पाहिजे. वर सरकून टायरला लागता कामा नये आणि खाली निसटून आऱ्यांकडे जाता कामा नये. टायरला लागणारं रबर दर वेळी टायरची कड थोडी थोडी कापत जातं. मी स्वतः हा पराक्रम केला आहे: मागच्या ब्रेकचं रबर दोन मिलिमीटर वर बसलं होतं, लक्ष दिलं नाही, आणि दीड महिन्याने भर दुपारी रस्त्यात फटाका फुटावा तसा टायर फुटला. टायरच्या कडेला ब्लेडने चिरल्यासारखी रेघ होती. ट्यूब बदलून भागलं नाही, टायरच टाकावा लागला.

रबर झिजत जातं तसा ब्रेकचा हात जास्त आत वळतो आणि रबर टेकायची जागाही सरकते. कॅलिपरचे हात वरून लोंबतात, त्यामुळे झिजल्यावर रबर बऱ्याचदा वर, टायरच्या दिशेने चढतं. व्ही-ब्रेक आणि कँटिलिव्हरचे हात खालून उभे असतात, त्यांचं रबर झिजेल तसं खाली, आऱ्यांच्या दिशेने उतरतं. म्हणून नवीन रबर बसवताना कॅलिपरचं पट्टीच्या खालच्या अंगाला ठेवा आणि व्ही-ब्रेकचं वरच्या अंगाला, टायरपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटर सोडून. आज अगदी मधोमध बसवलेलं रबर सहा महिन्यांनी मधोमध राहत नाही.

रबराचा आकार रिमसारखाच किंचित वाकडा असतो. बाजूने पाहिल्यावर रबराची वरची कड आणि रिमची वरची कड समांतर दिसली पाहिजे. रबराचा पुढचा शेंडा वर आणि मागचा खाली, असं तिरकं दिसलं तर बोल्ट सैल करून फिरवा.

बसवताना ब्रेक दाबून धरायला दुसरं माणूस असेल तर काम सोपं. नसेल तर जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून लिव्हर हँडलला बांधून टाका. रबर रिमला टेकलेल्या स्थितीत जागेवर आणायचं, एका हाताने हलू न देता धरायचं आणि बोल्ट आवळायचा. आवळताना रबर बोल्टबरोबर थोडं फिरतंच. तेवढा अंदाज धरून आधीच किंचित उलट्या बाजूला वळवून ठेवतात, हे दोन-तीनदा चुकल्यावर हाताला कळतं.

व्ही-ब्रेकच्या रबराला इतके वायसर का असतात? माझे सगळे खाली पडले.

प्रत्येक जण एकदा पाडतो. ते वाटीसारखे खोलगट आणि घुमटासारखे फुगीर अशा जोड्यांनी असतात. फुगीर वायसर खोलगटात बसतो, त्यामुळे रबर कुठल्याही दिशेला तिरकं करून घट्ट करता येतं. ब्रेकच्या हाताच्या आतल्या बाजूला एक जोडी, बाहेरच्या बाजूला एक जोडी, मग सपाट वायसर आणि नट.

यात दोन खोलगट वायसरांची जाडी वेगळी असते, आणि ते उगाच नाही. जाड वायसर आत टाकला तर ब्रेकचा हात रिमपासून लांब उभा राहतो, पातळ टाकला तर जवळ येतो. ब्रेक दाबलेल्या स्थितीत दोन्ही हात साधारण समांतर उभे दिसतील असा वायसर निवडायचा. हात वर एकमेकांकडे फारच झुकले तर वाकडी नळी समोरच्या हातावर आपटते आणि ब्रेक तिथेच अडतो, रबर रिमवर पूर्ण दाबलं जाण्याआधी. पुढचे वायसर सोडताना ओळीने फरशीवर मांडा, किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आणि एक. रबर सरकवून बदलता येणाऱ्या पट्टीचं असेल तर तिच्या खाचेचं उघडं तोंड सायकलच्या मागच्या बाजूला हवं. ब्रेक लागताना रिम रबराला पुढे ओढते. उघडं तोंड पुढे ठेवलं तर उतारावर रबर खाचेतून सरळ निघून जाईल. बहुतेक रबरांवर बाण किंवा डावं-उजवं लिहिलेलं असतं, ते वाचा.

रबर आणि रिममध्ये फट किती ठेवायची?

दोन्ही बाजूंना साधारण 1 ते दीड मिलिमीटर. लिव्हर एक तृतीयांश ते अर्धा आत आल्यावर ब्रेक पकडायला लागावा आणि पूर्ण जोर लावूनही लिव्हर आणि हँडलच्या मुठीमध्ये एक बोट राहावं. फट अगदीच कमी ठेवली की ब्रेक कडक आणि झकास वाटतो, पण चाक जरासं आउट झालं (डावं-उजवं डुलायला लागलं) तरी घासायला लागतं.

वायर सेट करायची पद्धत काय?

आधी लिव्हरपाशी (कॅलिपर असेल तर ब्रेकपाशी) असलेली गोल चकती जवळजवळ पूर्ण आत फिरवा, एक-दोन आटे बाहेर सोडून. मग ब्रेकच्या हातावरचा वायरचा बोल्ट सैल करा, रबरं हाताने रिमवर दाबून धरा, थोडी फट राहील इतपत सोडा, वायर पकडीने हलकी ओढा आणि बोल्ट आवळा. कंपन्या इथे साधारण 6 ते 8 न्यूटन-मीटर सांगतात. छोट्या ॲलन कीने हाताचा चांगला जोर, पण लटकून नाही.

आता लिव्हर दहा-पंधरा वेळा जोरात दाबा. वायर घसरत असेल तर इथेच घसरू दे, रस्त्यावर नको. नवीन कव्हर असेल तर त्याची टोकंही या दाबण्याने जागेवर बसतात. मग राहिलेली ढिलाई चकती बाहेर फिरवून काढा आणि तिच्या मागचा लॉक नट लावा. चकती याच बारीकसारीक कामासाठी असते. ती आधीच पूर्ण बाहेर काढून ठेवली तर पुढे रबर झिजल्यावर फिरवायला काही उरत नाही.

वायरच्या मोकळ्या टोकाला टोपी चेपा. टोपी नसेल तर फेविक्विकचा एक थेंब. पिसारलेलं टोक पोटरीत घुसतं तेव्हा फार लागतं.

एकाच बाजूचं रबर घासतं. काय करू?

सायकल उलटी करा आणि चाक हळू फिरवा. घासल्याचा आवाज सतत येतो की फेरीत एकदाच, ते आधी ऐका.

फेरीत एकदाच येत असेल तर चाक आउट आहे. ब्रेकशी खेळू नका, चाकाचा आउट काढून घ्या. दोन मिलिमीटर डुलणाऱ्या चाकावर कोणीही ब्रेक नीट लावून देऊ शकत नाही. बारीक आउट घरी निघतो: जिथे रिम डावीकडे जाते तिथला उजवीकडचा आरा पाव फेरी घट्ट आणि डावीकडचा पाव फेरी सैल. पण आऱ्यांची चावी नंबराप्रमाणे बरोबर हवी आणि हात आवरता यायला हवा. आउट मोठा असेल किंवा आरा तुटला असेल तर दुकानात न्या. आउट काढणारा जुना मिस्त्री बोटाच्या नखाने आऱ्याचा आवाज ऐकून ताण ओळखतो, ते बघण्यासारखं असतं.

सतत आवाज येत असेल तर आधी चाक चिमट्यात सरळ बसलंय ना ते बघा. बसलं असेल तर मग व्ही-ब्रेकच्या प्रत्येक हाताच्या खाली, कडेला, एक छोटा स्क्रू असतो. तो त्या बाजूच्या स्प्रिंगचा. जे रबर घासतंय त्याच बाजूचा स्क्रू आवळा, स्प्रिंग ताठ होते आणि रबर रिमपासून दूर सरकतं. पाव-पाव फेरीने जा आणि प्रत्येक वेळी लिव्हर दोनदा दाबून मग बघा. स्क्रू पूर्ण आत गेला असेल तर समोरच्या बाजूचा सैल करा. तरीही हात हलत नसेल तर तो हात सोडून पिवट बघा, तिथे गंज धरलेला असतो. पुसून, पॉलिश पेपर मारून, थोडं ग्रीस लावून बसवा. स्प्रिंगचं टोक घालायला चिमट्यावर तीन भोकं असतात, दोन्ही बाजूंना सारखंच भोक धरा, शक्यतो मधलं.

कॅलिपरमध्ये मागचा मुख्य नट किंचित सैल करून अख्खा ब्रेक हाताने मधे आणतात आणि तसाच धरून नट आवळतात. दोन पिवटवाल्या कॅलिपरला त्यासाठी वरच्या अंगाला वेगळा छोटा स्क्रू असतो. स्प्रिंगवर हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर ठेवून ठोकणारे मिस्त्रीही मी पाहिले आहेत. चालतं, पण सवय लावू नका.

ब्रेक लावला की कर्कश आवाज येतो.

आधी रिम स्पिरिटने पुसा. रबराचा तोंडाचा चकचकीत झालेला थर पॉलिश पेपरने घासून काढा आणि रबरात रुतलेले खडे किंवा धातूचे कण सुईने उकरून टाका. ॲल्युमिनियमच्या रिमचे चमकणारे बारीक कण रबरात रुतून बसतात आणि तेच मग रिमला ओरखडे काढतात. पुष्कळदा आवाज इथेच थांबतो.

नाही थांबला तर रबर किंचित तिरकं बसवा: पुढचं टोक रिमला आधी टेकेल आणि मागे अर्धा ते एक मिलिमीटर फट राहील असं. बोल्ट आवळताना रबराच्या मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी (मी लग्नपत्रिकेचा तुकडा वापरतो) ठेवली की हा कोन बरोबर येतो. ब्रेक लागल्यावर हात थोडे पुढे ओढले जातात आणि मग रबर सपाट टेकतं. हात पिवटवर डुगडुगत असतील तर मात्र कितीही पत्रिका ठेवा, आवाज राहणार.

लिव्हर हँडलला टेकतो तरी सायकल थांबत नाही, किंवा स्पंजसारखा लागतो.

वायर सैल असणं हे पहिलं कारण, पण लिव्हर आणि ब्रेक एकमेकांचे नसणं हेही असतं, आणि ते पटकन लक्षात येत नाही. व्ही-ब्रेकला कॅलिपरच्या साधारण दुप्पट वायर ओढावी लागते. त्याचे लिव्हर वेगळे येतात. व्ही-ब्रेकवर कॅलिपरचा लिव्हर बसवला तर लिव्हर मुठीला टेकतो, सगळं मऊ लागतं. उलटं केलं, म्हणजे कॅलिपरवर व्ही-ब्रेकचा लिव्हर, तर लिव्हर दगडासारखा कडक लागतो आणि ब्रेक मात्र ढिम्म. पडल्यावर तुटलेला लिव्हर बदलून आणलेल्या सायकलीत हे हमखास सापडतं. विकत घेताना "व्ही-ब्रेकचा लिव्हर" असं स्पष्ट सांगून घ्या. काही लिव्हरना आतमध्ये वायर अडकवायच्या दोन जागा असतात, ते दोन्हींना चालतात.

कव्हरही बघा. गिअरच्या वायरचं कव्हर ब्रेकला वापरू नये. त्यातल्या तारा लांबीने उभ्या असतात आणि ब्रेकच्या जोराने ते फाटू शकतं. ब्रेकच्या कव्हरमध्ये तारेची गुंडाळलेली स्प्रिंग असते. आतली वायरही ब्रेकची जाड, साधारण दीड मिलिमीटर, गिअरची पातळ. दुकानात घाईत पुढ्यात आलेलं कव्हर कापून देतात, तेव्हा टोक बघून घ्या.

लिव्हर सोडला तरी ब्रेक सुटत नाही.

वायर ब्रेकपासून सोडा आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. ब्रेकचे हात हाताने दाबून सोडा: झटकन परत आले तर ब्रेक ठीक, दोष वायरमध्ये. रेंगाळले तर पिवटमध्ये गंज. वायर कव्हरमधून ओढून बघा, खरखर लागली तर बदला. तेल घालून दोन आठवडे निघतात, मग त्या तेलावर धूळ बसून आधीपेक्षा वाईट होतं. कव्हरचं टोक चेपलेलं असेल तर थोडं कापून कानशीने सपाट करा आणि आतल्या नळीचं तोंड सुईने मोकळं करा. व्ही-ब्रेकच्या वाकड्या नळीतही मुंबई-कोकणच्या पावसात पाणी शिरून गंज धरतो. आख्खा ब्रेक बदलायच्या आधी ती स्वस्तातली नळी बदलून पाहा.

वायरमधली एक जरी तार तुटून वर आलेली दिसली, तर लिव्हर ठीक चालत असला तरी वायर त्याच दिवशी बदला. तुटायची जागा बहुधा लिव्हरमध्ये अडकणाऱ्या वायरच्या गोळीपाशी किंवा बोल्टखाली असते.

पावसात ब्रेकच लागत नाही, हे नॉर्मल आहे का?

काही अंशी हो. रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत पहिल्या एक-दोन फेऱ्या वाया जातात. म्हणून पावसात थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका टेकवून रिम कोरडी करत राहायची. क्रोमची स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. ॲल्युमिनियमची रिम पुष्कळ बरी. स्टीलच्या रिमची सायकल पावसाळ्यात रोज चालवणार असाल तर पैसे महागड्या रबरापेक्षा ॲल्युमिनियमच्या रिमवर घाला.

पाण्यापेक्षा चिखल जास्त नासधूस करतो. कोकणातली किंवा गोव्यातली लाल माती रबर आणि रिमच्या मध्ये अडकली की ती पॉलिश पेपरचंच काम करते, आणि एका पावसाळ्यात रबरं संपलेली मी पाहिली आहेत. घरी आल्यावर रिमवर तांब्याभर पाणी ओता आणि फडकं फिरवा.

घाट उतरताना काय काळजी घ्यायची?

एक हिशेब करून बघा. 80 किलोचा माणूस आणि सामानासकट 15 किलोची सायकल 400 मीटर उंची उतरली, तर साधारण 370 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. लिटरभर पाणी 25 अंशांवरून उकळायला लागते त्याहून ही जास्त. वेगात उतरलात तर बरीचशी वाऱ्यात जाते. पण पसरणीसारख्या वळणांच्या घाटात तुम्ही हळू, ब्रेक सतत दाबून उतरता, तेव्हा तिचा मोठा वाटा रिममध्ये उष्णतेच्या रूपाने साठतो. रिम हाताला लावता येणार नाही इतकी तापते, आणि फार तापली तर ट्यूब फुटू शकते.

म्हणून ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा, मग सोडा, रिमला वारा लागू दे. वळण चालू असताना नाही, वळणाच्या आधी. कार्बनच्या रिमना त्यांच्यासाठीचंच रबर लागतं. ते नसेल तर घाटात जाऊच नका.

पुढचा ब्रेक लावला तर पडतो म्हणतात. मग तो सेट कशाला करायचा?

थांबवायचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. जोरात थांबताना वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि मागचा ब्रेक लावला की चाक नुसतं घसरतं. पडायला होतं ते पुढचा एकटा, एकदम, हात ताठ न ठेवता दाबल्यामुळे. दोन्ही एकत्र दाबा आणि अंग मागे न्या. आपल्याकडे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, मोटारसायकलसारखाच. बाहेरून आलेल्या काही सायकलींवर उलटं असतं. सायकल दुसऱ्याची असेल तर चालवायच्या आधी एकदा दाबून बघा.

मुलीचा हात लिव्हरपर्यंत पोचत नाही.

लिव्हरच्या बुडाशी, मुठीकडच्या बाजूला, बहुधा एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर मुठीजवळ येतो. मग वायर परत सेट करावी लागते, कारण लिव्हरची चाल कमी झालेली असते. मुलांच्या सायकलींवर हा स्क्रू फिरवलेला मी क्वचितच पाहिला आहे. मूल पाय जमिनीला घासत थांबतं आणि घरचे चपलांच्या नावाने ओरडतात.

आजोबांची काळी सायकल आहे, सळ्यांचा ब्रेक. तो सेट होतो का?

होतो, आणि त्याची बांधणी इतर सगळ्यांहून वेगळी आहे. याची रबरं रिमच्या कडांना नाही, तर आतल्या अंगाला, आऱ्यांच्या दोन बाजूंना, हबकडून वर दाबली जातात. त्यामुळे चाक डावं-उजवं थोडं डुललं तरी या ब्रेकला फारसा फरक पडत नाही. चाक वर-खाली उचकत असेल, म्हणजे रिम गोल राहिली नसेल, तर मात्र प्रत्येक फेरीला ब्रेक धरतो आणि सोडतो. तेव्हा आउट काढायला सांगताना "गोलाई बघा" असं सांगा.

सळीवर एक नळी आणि तिला आवळणारा छोटा बोल्ट असतो. तो सैल करून सळी वर-खाली सरकवायची, रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटर ठेवून बोल्ट परत घट्ट. मागच्या ब्रेकला खाली बीबीपाशी (पेडलच्या आसापाशी) सळीचा कोन बदलणारा एक तुकडा असतो, त्याच्या सगळ्या सांध्यांना तेलाचा थेंब द्या. रिम या ब्रेकसाठीच बनवलेली, आतून गोलसर असते. नव्या सपाट कडेची रिम टाकली तर ब्रेकला टेकायला जागाच राहत नाही. दूधवाल्यांकडे अजून ही सायकल दिसते, मागे दोन्हीकडे किटल्या. तो माणूस उतारावर ब्रेकपेक्षा पायावर जास्त विसंबून असतो.

रबर आणि रिम बदलायची वेळ कशी ओळखू?

रबराला आडव्या खाचा असतात. त्या दिसेनाशा झाल्या की रबर बदला. खाचा आहेत पण रबर दगडासारखं कडक झालं असेल, नख रुतत नसेल, तरीही बदला. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या असलेल्या सायकलींचं असंच होतं.

रिमही झिजते, हे लोकांना खरं वाटत नाही. ब्रेकच्या पट्टीवर बऱ्याच रिमना बारीक खड्डा किंवा रेघ कोरलेली असते. ती पुसली गेली की रिम संपली. खूण नसेल तर पट्टीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. मधे उजेड दिसला, म्हणजे रिमची पट्टी खोलगट झाली. जास्त खोलगट रिमची भिंत टायरच्या हवेच्या दाबाने फाटू शकते, तेही चालत्या सायकलीवर.

गंजरोधक स्प्रे ब्रेकवर मारला तर?

वायरच्या सांध्यावर चालेल. रिमवर किंवा रबरावर उडाला तर ब्रेक गेला. चेनला स्प्रे मारतानाही मागच्या रिमसमोर वर्तमानपत्र धरा. उडालाच तर रिम स्पिरिटने दोन-तीनदा पुसा, रबर घासा, तरी न जमल्यास रबर बदला.

सगळं झाल्यावर तपासायचं कसं?

सायकल सरळ उभी करून पुढचा ब्रेक दाबा आणि पुढे ढकला. पुढचं चाक न फिरता मागचं उचललं गेलं पाहिजे. मग मागचा ब्रेक दाबून ढकला, मागचं चाक फरशीवर घसटत गेलं पाहिजे. दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने पाच-सहा वेळा दाबा आणि वायरच्या बोल्टपाशी बघा, वायर घसरली असेल तर बोल्टखाली चकचकीत ओरखडा दिसतो. चाक काढताना व्ही-ब्रेकची नळी किंवा कॅलिपरचा छोटा खटका सोडला असेल तर तो परत लावलाय ना, ते बघा. हे विसरणारे मी धरून बरेच आहेत.

मग गल्लीतच दोन फेऱ्या. नवीन वायर-कव्हर टाकलं असेल तर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर लिव्हर परत थोडा सैल वाटेल. चकती अर्धी फेरी बाहेर काढा, लॉक नट लावा.